डाळिंबाची डावी फांदी

मी, खाली सही करणारी, वय सत्तावन्न, व्यवसाय शाळेत संस्कृत शिकवणे, राहणार याच घरी दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. बुद्धीत काही बदलण्याची गरज नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला दोघे येऊन गेले; त्यांना चहा देऊन परत पाठवले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण यापूर्वी मरण्याचा विचार नव्हता.

कलम १. राहते घर धाकट्या भावाला व वहिनीला समाईक. "ताई, एवढ्या घरात एकटी करतेस तरी काय?" हे भाऊ वीस वर्षे विचारत आला. आता त्याने राहून पाहावे. गच्चीचा नळ उलटा फिरतो, तो दुरुस्त करू नये. मला त्याची सवय आहे. मी अविवाहित आहे. त्याची कारणे विचारणाऱ्या नातेवाइकांना काहीही मिळणार नाही. यादी लांब असल्याने जोडलेली नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक पुतणीला. शिक्षणावरच खर्च करावी अशी अट नाही. "आत्या, तू कधी नुसती मजा केलीस का गं?" असे तिने एकदा विचारले होते. उत्तर सुचले नाही म्हणून मी तिला विभक्ती विचारल्या. त्याची भरपाई समजावी.

कलम ३. शब्दकोश व व्याकरणाचे ग्रंथ शाळेला. ते मुख्याध्यापकांच्या काचेच्या कपाटात ठेवल्यास ही देणगी रद्द. त्या कपाटाची किल्ली हरवून सहा वर्षे झाली आणि कोणाचे काही अडलेले नाही, यातच सगळे आले.

कलम ४. अवजारे. वामनवृक्ष मंडळ, म्हणजे बोन्साय करणाऱ्या आम्हा चौदा जणांचा क्लब, ग्रंथालयाच्या माडीवर दर शनिवारी भरतो. तिथे मी एकोणीस वर्षे चिटणीस होते. माझी वाकड्या पात्याची कात्री, तांब्याच्या तारेची तीन रिळे आणि मुळे विंचरायचा आकडा मंडळातल्या शिंपीणबाईंना द्यावा. त्यांचा हात हलका आहे आणि तोंड मिटलेले असते. हे दोन गुण मंडळात एकत्र सापडल्याचे हे एकमेव उदाहरण.

रिकाम्या कुंड्या खालच्या मजल्यावरच्या काकांना. जिन्यात भेटले की म्हणतात, "झाडांचे पाय बांधता बाई, पाप लागेल हो." स्वतःच्या मुलाला त्यांनी चार शिकवण्या लावल्या होत्या, तेव्हा पाप कुठे गेले होते? आता कुंड्यांत काय हवे ते मोकळेपणी वाढवावे आणि रोज पाणीही स्वतःच घालावे.

कलम ५. डाळिंब. वय सव्वीस वर्षे, उंची दीड वीत. माझ्या मालकीची खरी वस्तू ही एकच.

आई गेली त्या वर्षी त्याच्या बुंध्यावर अगदी खाली, डावीकडे, एक फांदी आपणहून फुटली. शास्त्राप्रमाणे ती काढायला हवी होती. मी काढली नाही. नऊ वर्षे तिला तार लावली नाही, वळण दिले नाही. आयुष्यात मी ज्याला शिस्त लावली नाही असे तेवढेच.

दोन वर्षांपूर्वी वहिनीचा पाय मोडला म्हणून मी बारा दिवस भावाकडे होते. झाड मंडळाच्या खोलीत ठेवले होते. मधल्या शनिवारी सामुदायिक छाटणी होती. मंडळाची रीत अशी, की मालक हजर नसेल तर फांद्यांना लोकरीची खूण बांधून जायचे. एका रंगाची राखायची, दुसऱ्या रंगाची कापायची. मी त्या फांदीला स्वतः पांढरी लोकर बांधली, राखायची म्हणून. परत येऊन पाहते, तर फांदी नाही. जखमेवर लेप मात्र सुरेख लावलेला.

लावणारे आमचे अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. दुखत नसलेला दात उपटायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, असे मी त्यांना सर्वांसमोर म्हणाले.

ते म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे कापली."

"नियम मला शिकवता? नियम लिहिलेत कोणी?"

"तुम्हीच, बाई."

या उद्धटपणावर मी राजीनामा दिला आणि इतिवृत्ताची वही घेऊन घरी आले. त्यांना नऊ पत्रे लिहिली. नऊ वेळा एकच उत्तर आले: "नियमाप्रमाणे कापली. वही पाहावी व परत करावी." वहीसाठी जीव टाकणारा माणूस फांदीसाठी एक शब्द लिहीत नाही!

डाळिंबाला दिवसभर ऊन लागते. मंडळात तसे ऊन फक्त दंतवैद्यांच्या गच्चीवर येते आणि झाड जगवायची अक्कलही, नाइलाजाने लिहिते, त्यांनाच आहे. सगळ्यांनी धरून ठेवले आहे की झाड त्यांच्याकडेच जाणार. म्हणून झाड शिंपीणबाईंना. त्यांच्या खिडकीत ऊन येत नाही. झाड दोन-तीन वर्षांत जाईल हे मला कळते. जावे.

शिवाय साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितले. त्याच क्षणी मी साक्षीदार ठरवला. पहिली सही दंतवैद्यांची घ्यावी, म्हणजे पुढे वाद नको. त्यांना शुक्रवारी सकाळी बोलावले आहे.

कलम ६. इतिवृत्ताची वही मंडळाला परत. मेल्यावर माझ्याकडे दुसऱ्याची वस्तू सापडली असे व्हायला नको. कलम ५ लिहून झाल्यावर, देण्यापूर्वी म्हणून, काल ती पहिल्या पानापासून वाचली. छाटणीच्या चार महिने आधीच्या सभेचा वृत्तांत माझ्याच अक्षरात आहे, तो जसाच्या तसा उतरवते:

"लाल म्हणजे थांबा हे जगभर ठाऊक असल्याने यापुढे राखायच्या फांदीला लाल लोकर व कापायच्या फांदीला पांढरी बांधावी, असा ठराव चिटणीसबाईंनी आग्रहाने मांडला. अध्यक्षांचा विरोध: 'एकोणीस वर्षांची सवय आहे बाई, कोणाचा तरी घोटाळा होईल.' चिटणीसबाईंचे उत्तर: 'ज्याचा होईल त्याने भोगावा.' ठराव मंजूर."

खाली सही माझी.

कलम ७. कलम ५ खोडत नाही. खाडाखोडीने कागदावर संशय येतो असे वकीलबाई म्हणतात. आणि आमच्या शास्त्रातही पूर्वपक्ष पुसत नाहीत, तो मांडून मग सिद्धान्त सांगतात. सिद्धान्त असा: कलम ५ मधील डाळिंबाची व साक्षीदाराची व्यवस्था रद्द. डाळिंब दंतवैद्यांना.

याचा अर्थ राग गेला असा नाही. दोन वर्षे हा मनुष्य गप्प बसला! 'पान अमुक पाहा' एवढे लिहायला काय झाले होते? दारात येऊन भांडला असता तर दोन वर्षांचे शनिवार वाचले असते. सभ्यपणालाही काही सुमार असतो.

अटी: जखमेची बाजू भिंतीकडे फिरवू नये, दर्शनी ठेवावी. जखमेच्या खाली यंदा बोटभर कोंब आला आहे. त्याला तार लावू नये. लोकर कोणत्याही रंगाची बांधू नये.

कलम ८. शुक्रवारी दंतवैद्य सांगितल्या वेळी आले, स्वतःचे पेन घेऊन. मी त्यांच्यापुढे वही ठेवली, चहा ठेवला आणि सही नको म्हणून सांगितले.

"मग बोलावलंत कशाला बाई?"

"चुकून."

"तुमच्याकडून? चूक?"

"दुसरी. पहिली वहीत आहे."

त्यांनी वही उघडली नाही. चहा संपवला, गच्चीत जाऊन डाळिंबाची माती बोटाने दाबून पाहिली. "कोरडी आहे," म्हणाले. नळ उघडायला गेले. तो उलटा फिरतो हे त्यांना ठाऊक होते.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली. त्यांना यातून काहीही मिळत नाही, याची त्यांना कल्पना आहे.

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार १: खालच्या दुकानातले औषधविक्रेते
साक्षीदार २: ग्रंथपाल, ज्यांच्या माडीवर मंडळ भरते

ठिकाण: राहते घर, गच्चीलगतची खोली
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा शुक्रवार. उद्या शनिवार आहे, मी मंडळात जाणार आहे.