कोयत्याच्या मुठीची चिंधी

आये, आधी आली ती आशाताई. वजनकाटा काखेत मारून, जसं काय आमच्या घरात तान्हं बाळच आहे. तिच्यामागं एक चष्म्यावाली बाई, तालुक्याच्या दवाखान्यातली. मनाच्या दुखण्याच्या माणसांशी बोलायचं काम करते. वजनकाट्याची युक्ती माझ्या सुनेची. गावाला कळू नये म्हणून तिनं तसं सांगूनच ठेवलेलं. पण आमची शेजारीण काय ऐकणार? गवारी निवडायचं सोडून भिंतीवरनं डोकावली आणि आशाताईला म्हणाली, "कुनाचं बाळ जोखाया आलीस गं?" मी म्हटलं, "मलाच जोखाया आलीय. लई वाळलेय मी." मी ही अशी पोत्यासारखी, ती हसली, पण तिथनं हलली नाही.

हसू मलाही आलं, आणि आजचा दिवस माझा आनंदाचाच म्हणायचा, ते सांगते पुढं. हाताला लिहायची सवय नाही, एक ओळ लिहायला चहा निवतो. नातीच्या वहीची उरलेली पानं घेतलीत. ही नात तू बघितली नाहीस. माझ्या लेकाची पोरगी, तुझी पणती. नगरला कॉलेजात होती. दिवाळीला आली ती परत गेलीच नाही. एसटीत बसली की छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, श्वास पुरत नाही, आता मरते असं वाटतं म्हणते. एकदा तर अर्ध्या वाटेत उतरून बापाला फोन लावून रडत बसली. जामखेडला डॉक्टरनं छातीला वायरी लावून कागद काढला, तर काळीज एकदम चांगलं निघालं. खरं म्हणजे पेढे वाटायचे, पण आम्हाला रागच आला बघ. दुखणं काही निघालं नाही, मग ही उठत का नाही? पुढं पुढं तर ती भिंतीकडं तोंड करून निजूनच राहायला लागली. वेणी नाही, जेवण नाही, हाक मारली तर नुसतं "हूं". परवा मी तिच्या उशाशी गेले आणि म्हटलं, "ऊठ गं, नाटकं नको करू." बोलले आणि माझी मीच दचकले. हे बोलणं मी आधी एकदा बोलले होते. तुला.

तर ती चष्म्यावाली बाई नातीच्या अंथरुणाजवळ खालीच बसली, सतरंजी सुद्धा घेतली नाही. कागदावरचं एकेक विचारायला लागली, हळू, आपल्या माणसासारखं. झोप लागती का? पहाटेच जाग येऊन पडून राहता का? आवडायचं ते आता नकोसं वाटतं का? कारण नसताना भ्या वाटतं का? आपल्यामुळं घराला त्रास झाला असं मनात येतं का? पोरगी काही बोलेना. मीच दारात बसून प्रत्येकाला "व्हय" म्हणत होते. शेवटी बाई म्हणाली, "आजी, हिला बोलू द्या की." मग तिनं विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का? सुनेनं चहाचा ट्रे धरला होता, ती पटकन म्हणाली, "न्हाई, आमच्यात कुनालाच न्हाई." तिचं तरी काय चुकलं. पोरीचं लग्न व्हायचं आहे, बाहेर शेजारणीचे कान. आणि मीही पन्नास-पंचावन्न वर्षं हेच सांगत आले. तू कशानं अशी होतीस असं कुणी विचारलं की मी म्हणायची, अंगात रगत कमी होतं तिच्या.

"हाय," मी म्हटलं. "माझ्या आईला हुतं. मगाधरनं मी तिचंच सांगतेय."

सुनेनं माझ्याकडं असं बघितलं की ट्रे माझ्या डोक्यात घालते का काय. पण पोरीनं तोंड फिरवलं आये. पंधरा दिवसांत पहिल्यांदा भिंतीकडनं माझ्याकडं.

मग मी त्यांना तेव्हाचं सांगायला लागले, आणि सगळं डोळ्यापुढं आलं. तू कणगीला पाठ लावून बसली आहेस. केसांच्या जटा झाल्यात. घागर रिकामी, चूल गार, आणि तुझी सासू, माझी आजी, अंगणातनं सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं बोलतेय, कामाच्या वेळीच हिला बरं निजाया येतं. बाजाराचं नाव काढलं की तुझ्या हातापायाला कापरं भरतं. देवऋषी येऊन लिंबं उतरून गेलाय, गुण नाही म्हटल्यावर त्यानं तुझ्याच मनात खोट आहे असं सांगितलंय. आणि ऊसतोडीला निघायची गाडी उद्या यायची आहे. आपल्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, दादानं, माझ्या बापानं, तोडायचं, तू शेंडे छाटून मोळ्या बांधायच्या. तू उठत नाहीस. टोळीचा मुकादम म्हणतो एकट्याला नेत नाही. तेव्हा दादा माझ्याकडं बघतो. मी चौथीत होते, बारा वर्षांची असेन. वर्गात माझं अक्षर चांगलं होतं म्हणून गुरुजी फळ्यावर सुविचार मला लिहायला लावायचे.

त्या दुपारी तू उठून बसलीस. पाणी भरायला नाही, वेणीला नाही. तुझ्या दोन लुगड्यांतल्या बऱ्या लुगड्याचा काठ फाडलास आणि माझ्या कोयत्याच्या मुठीला गुंडाळत बसलीस. गुंडाळायचीस, सैल वाटायचं, सोडायचीस, परत गुंडाळायचीस. त्यात दिवस मावळला. मला म्हणालीस, "हाताला फोड येत्याल, म्हनून." सकाळी गाडीत चढताना मी सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "नाटकं कर तू घरात. मी जाते तुझ्या वाटंला." तू दारात उभी होतीस.

बाईनं पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. मग म्हणाली, भीतीचा आजार एक आणि उदासीचा एक, पण पुष्कळदा दोन्ही एकाच माणसाला धरतात, लई जणांना धरतात. म्हणजे जावाजावाच म्हणायच्या, एका चुलीवर नांदणाऱ्या. घरात कुणाला असलं म्हणून पुढच्याला होतंच असं नाही, पण डॉक्टरला माहीत असलेलं बरं. बोलून फरक पडतो, लागल्या तर डॉक्टर गोळ्या देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, बरं वाटलं म्हणून मनानं सोडायच्या नाहीत. आणि घरच्यांनी हिंमत धर, हिंमत धर म्हणून ढोसायचं नाही, कारण ज्याची हिंमतच आजारी पडलीय त्यानं ती कुठनं धरायची. मी विचारलं, ज्याला वेणी घालायला हात उचलत नाही त्यानं दुपारभर बसून एक चिंधी गुंडाळली, तर त्याला ते किती जड गेलं असेल? ती म्हणाली, "आजी, त्यांनी त्या दिवशी सगळा ऊस एकटीनं तोडला असं समजा."

मला तिथं बसवेना. पण पोरीनं विचारलं, "आजी, मग तिचं काय केलं तुमी?"

काय सांगू तिला? खरं तेच सांगितलं. "काय न्हाई केलं. तशीच ठिवली आनि उसाला गेलो."

ती अंथरुणात उठून बसली. मग तिनं बाईला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, पहाटे तीनला जाग येते, आणि एसटीचा नुसता हॉर्न ऐकला तरी कानावर उशी दाबून घेते, आणि डॉक्टरकडं यायला तयार आहे पण आजी शेजारी बसली तर. मी म्हटलं, मांडीवर बसवून नेते. तेव्हा ती हसली. एवढंसंच, पण हसली. दुपारी शेंगदाण्याची चटणी मागून अर्धी भाकरी खाल्ली. सुनेनं माझ्याशी अबोला धरलाय, पण भाकरी तिनंच थापली, आणि दुसरी गरम तव्यावर ठेवून वाट बघत बसली.

तुला हसू येईल, एवढं सगळं लिहून आता हे पोस्टात कुठं टाकू? पिठाच्या डब्याखाली ठेवते. पण एक राहिलं. पट्टा पडल्यावर, कारखान्याचा हंगाम संपला तसे, आम्ही परत आलो तेव्हा तू माझे तळहात उलटे करून बघितलेस, सगळे फोड आणि घट्टे. म्हणालीस, "चिंधी टिकली न्हाई व्हय?" मी म्हटलं, तुटली. तू म्हणालीस, फुडच्या बारीला दुहेरी बांधू. तुटली नव्हती आये. मिरजगावला चहाला गाडी थांबली, तिथं मी ती दातानं गाठ सोडून रस्त्यावर टाकली. लई घट्ट बांधली होतीस, सुटता सुटत नव्हती.

आशाताई वजनकाटा ओट्यावरच विसरून गेली. शेजारीण मगाशी विचारून गेली, बाळ कुठंय म्हणून. गुरुवारी परत येतो म्हणाल्यात त्या दोघी, नातीला आणि मला जामखेडला न्यायला.