दुपारी गाडी सुरू झाली तेव्हा

भाऊजी,

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी आईकडे जातेय, परवा येईन.

दुपारी तुमच्या तोंडावर दार लावलं. तुमचा चेहरा एवढासा झाला, तो पाहिला मी. राग मानू नका. ह्यांनी खोलून ठेवलेलं इंजिन हे गेल्यावर तुम्ही एकट्याने बांधलंत, नवे पिस्टन बसवलेत आणि आज मामंजींची ती जुनी पिकअप पहिल्यांदा चक्कर मारून आणलीत. शाबासकी द्यायची सोडून मी हे असं वागले.

त्याचं असं झालं, की गाडी दाराशी थांबल्याचं ऐकलं आणि मी सवयीने ह्यांचं ताट घेतलं. वाढूनही झालं. तेवढ्यात तुम्ही काळ्या हातांनी दारात उभे. म्हणालात, "वहिनी, आवाज ऐकलात? दादा असताना यायचा अगदी तसाच."

तसाच होता हो. म्हणून तर.

गाडी विकायचं मनात आणू नका. रोज चालवा, उभी राहिली तर गंजून जाईल. मला होईल हळूहळू सवय. तोवर ती कोपऱ्यावरच लावा आणि घरी चालत या. तुमची पावलं मला ओळखू येतात.

वहिनी