करी रोड ते वरळी : हवेच्या वाटपाबाबत

करी रोड, मुंबई १२
डिसेंबर १९८९

तीर्थस्वरूप तात्यांच्या सेवेशी,

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून राजारामचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, तपासायला येऊ नये. मीनाक्षीवहिनींचे गुडघे कसे आहेत? दिल्लीच्या थंडीत रोज तिळाचं तेल चोळावं असं रखमा सांगते. (चोळायचं तात्यांनी, हेही तिने आवर्जून लिहायला सांगितलंय.)

परदेशातून टाकलेलं तुमचं कार्ड मिळालं. हत्तीचं चित्र झकास. शेजारपाजारच्या देशांचे रेडिओवाले एका टेबलाशी बसले, एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं घुसू नये म्हणून कुणी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं ते ठरवून घेतलं आणि सगळं गोडीगुलाबीने मिटलं, असं तुम्ही लिहिता. वाचून ऊर भरून आला. सरहद्दीवर एकमेकांच्या उरावर बसणाऱ्यांचं हवेत जमतं, आणि आमचं करी रोड ते वरळी एवढ्या टीचभर टापूत जमत नाही. आमच्याकडेही परिषद झाली, तात्या. तुमच्या परिषदेत जेवण होतं, आमच्यात अर्धा कप चहा होता, एवढाच काय तो फरक. त्या परिषदेनेच मला हे पत्र लिहायला बसवलंय. आतेभाऊ दिल्लीत वायरलेसच्या ऑफिसात मोठा साहेब, हे मी चारचौघांत सांगायला नको होतं.

आधी माझी हकिगत. गिरण्यांचा संप मिटला असं मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पण पोटाला तो केव्हाच मिटल्याचं कळलं होतं. दोन वर्षं भोईवाड्यात वडापावची गाडी लावली, मग केळी विकली, मग नुसताच हिंडलो. शेवटी आमच्याच मिलच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलो. ज्या गेटबाहेर उभं राहून घसा फोडला त्याच गेटच्या आत आता खाकी घालून उभा आहे. आतले माग कुणी चोरून नेऊ नयेत म्हणून मला पगार मिळतो. दर पंधरवड्याला मालकाचा ट्रक येतो, त्यात तेच माग भंगार म्हणून भरले जातात, आणि त्या ट्रकला गेट उघडून सलाम ठोकायचा पगारही त्यातच धरलेला आहे. आमच्या सिक्युरिटी कंपनीचा मालक स्वतःला मेजर म्हणवतो. (लष्कराशी त्याचा संबंध एवढाच, की एके काळी तो कुठल्याशा कॅन्टीनला अंडी पुरवायचा.) या मेजरने गेल्या वर्षी आम्हा सगळ्या वॉचमनांना वॉकीटॉकी वाटल्या. कुठून आणल्या, लायसन कुणाचं, हे विचारायची प्राज्ञा नाही.

आता तुम्ही रात्रशाळेत शिकून वर गेलात, साळखात्यात कधी उभे राहिला नाहीत, म्हणून सांगतो. तिथे शेकडो माग एकदम धडधडायचे, कानाशी तोफ उडाली तरी कळायचं नाही. तिथे आम्ही बोलायचो ते ओठांनी आणि हातांनी. बोटं अशी केली की चहा, तशी केली की मुकादम येतोय. ती सवय हाडीमांसी खिळलेली. वॉकीटॉकीचं असं, की बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं. आमचा रघू, म्हणजे मागच्या गेटचा वॉचमन, तोही जुना साळवाला. तो बटण दाबून बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि मग बटण दाबूनच समोर बघत राहतो, कुणी तरी हाताने उत्तर देईल म्हणून. त्याला तीनदा समजावलं. तो म्हणाला, दाबल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही. तो दाबून उभा राहिला की त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येत नाही.

आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर वरळीच्या कोळ्यांच्या होड्या आहेत. त्यांच्या सोसायटीने रीतसर परवानगी काढून होड्यांवर सेट बसवले, किनाऱ्यावरचा सेट काशीबाईच्या घरी. काशीबाई म्हणजे दोन होड्यांची मालकीण, बाजारात बसली तर गिऱ्हाईक भाव न करता पैसे देऊन निघून जातं अशी बाई. मग काय होणार? होडीचा प्रमुख, तांडेल, समुद्रातून बर्फाचं विचारतोय आणि मध्येच आमचा रघू, मागच्या गेटाला चहा पाठवा.

काशीबाईच्या एका होडीवर धोंडू खलाशी आहे. आपला धोंडू. हे तुम्हाला ठाऊक नसणार, तो तुम्हालाही पत्र घालत नाही. मी खाकी अंगावर घातली त्या दिवशी तो खोलीतून ट्रंक उचलून गेला. जाताना चाळ गोळा करून म्हणाला की मालकाने कुत्रं पाळलंय, घरातच सापडलं त्याला. मोठ्या भावाला. माझ्या पोरांसमोर. मीही म्हटलं, जा, पाय लावू नकोस परत या उंबऱ्याला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. संपात दोघं एका ताटात जेवलो, एक विडी अर्धी अर्धी ओढली, आणि मला कुत्रं म्हणाला. असो. मला त्याचं काही वाटत नाही.

पण माझा छळ बघा. लिहिता-वाचता येतं आणि आवाज खणखणीत म्हणून होडीवरचा सेट दिला धोंडूकडे. आणि तोही साळखात्यातलाच. निरोप संपला तरी याचं बटण दाबलेलंच. किनाऱ्यावर काशीबाई शिव्या घालत असते, त्या त्याला ऐकू जात नाहीत, कारण दाबलेल्याला ऐकू येत नाही. आणि सेट आल्यापासून माझी अर्धी ड्यूटी इकडे मिलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे उंचावर सगळं स्वच्छ येतं. आज कालवणात मीठ जास्त झालं. बाबू नावाच्या खलाशाची बायको माहेरी गेली. धोंडूचा खोकला, तो कापसाच्या धुळीचा जुना, अजून तसाच आहे. औषध घेत नाही, मूर्ख. आरती म्हणतो ती अजूनही भलत्याच चालीवर. मला काय करायचंय या सगळ्याचं? पण ड्यूटीवर सेट बंद करायची सोय नाही. घरी जेवताना रखमा विचारते, आज समुद्र कसा होता. मी म्हणतो, खोकत होता. मग ती भात वाढते.

आता परिषद. ती भरली वरळीला, सोसायटीच्या पत्र्याच्या ऑफिसात. अध्यक्ष भोईवाड्याचे अप्पा, रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून. एका बाजूला मेजर, एका बाजूला काशीबाई, आणि वॉचमनांतर्फे मी, कारण मला लिहिता येतं आणि मला नाही म्हणता येत नाही. पहिला सगळा वेळ आधी कोण आलं यात गेला. मेजर म्हणाला, आमचे सेट जुने. काशीबाईने विचारलं की दर्यापेक्षा जुने आहेत का. शेवटी अप्पांनी तोडगा काढला. फ्रिक्वेन्सी बदलायची तर खर्च आला, दिल्ली आली, त्यापेक्षा चाळीत सार्वजनिक नळ वाटून घेतात तशी हवा वाटून घ्या. सकाळी होड्या, दुपारनंतर वॉचमन. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीत जन्म गेलेल्यांना यापेक्षा शहाणपणाचं काही सुचत नाही. फक्त काशीबाईने एवढंच विचारलं की हे भरतीला कुणी कळवायचं.

आम्ही हसलो. आमचं सगळं आयुष्य भोंग्यावर गेलं, पाळी म्हणजे पाळी. पण होड्या निघतात तिथीवर. भरती रोज थोडी थोडी पुढे सरकते, आज सकाळी गेलेली होडी आठवड्याने दुपारी जाणार. चार दिवस नळ गुण्यागोविंदाने चालला. अष्टमी आली आणि होड्या आमच्या पाळीत शिरल्या. एका दुपारी एका होडीचं इंजिन बंद पडलं आणि ती ओढीने खडकाकडे सरकायला लागली. मदतीला हाका मारत होते, आणि रघू बटण दाबून चहाची वाट बघत उभा होता. मी टाकीवर होतो. हाक तुटक तुटक येत होती, पण आवाज ओळखू येत होता. मी गच्चीवरून मागच्या गेटापर्यंत कसा धावलो ते मला आठवत नाही. रघूच्या हातातला सेट हिसकावून भिंतीवर आपटला. तेवढ्यात दुसऱ्या होडीने त्यांना दोर टाकला होता, सगळे वाचले. फुटलेल्या सेटाबद्दल मेजर पगार कापतोय. कापू दे.

दुसऱ्या दिवशी धोंडूने किनाऱ्याला कळवलं की इंजिन ठीक आहे, आणि नेहमीप्रमाणे बटण तसंच ठेवलं. तो बाबू त्याला विचारत होता, काल बुडाला असतास तर कळवायचं कुणाला, कोण आहे का तुझं मुंबईत. धोंडू आधी नुसता खोकला. मग म्हणाला, "आसा एक भाऊस. मिलच्या गेटार उभो रवता. थंय थंडीत मफलर घाल म्हणान सांगणारो कोण नाय त्याका."

मी बटण दाबून ओरडलो, तात्या. संपात गेटबाहेर ओरडायचो तसा, त्याचं नाव घेऊन. होडीवर काही पोचलं नाही, त्याचं बटण दाबलेलं होतं. मेजरच्या ऑफिसात आणि काशीबाईच्या घरात मात्र, होडीपेक्षा माझा सेट जवळ म्हणून, खणखणीत पोचलं.

त्यावर दुसरी परिषद. ड्यूटीवरचा कोण वॉचमन मासेमारीच्या फ्रिक्वेन्सीवर हंबरडा फोडतो, याची चौकशी. मेजरने काशीबाईलाच साक्षीला धरलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की मला नाही बाबा काही ऐकू आलं, मी कोलंबी सोलत होते. मग सर्वानुमते ठराव झाला, की करी रोडच्या राजारामने दिल्लीच्या आतेभावाला लिहावं आणि वॉचमनांचे सगळे सेट दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर हलवावेत अशी विनंती करावी. बाहेर पडताना काशीबाईने मला थांबवलं. "निरोप हाय का काय त्याला?" मी म्हटलं, नाही.

तेव्हा ही रीतसर विनंती समजावी. आमचे सेट लवकरात लवकर तिथून हलवा. लायसन नसेल तर मेजरच्या मानेवर पाय ठेवून काढायला लावा. आमच्या चहापायी उद्या कुणी बुडालं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. त्या धोंडूची बडबडही एकदाची कानाआड होईल, सुटेन मी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
राजाराम

ता. क. रखमा वहिनींसाठी सोडे पाठवते आहे. पार्सलात एक मफलरही आहे, तो तुमच्यासाठी नाही. तिने दोन विणले होते, एक मी वापरतो. दुसरा कुणाला द्यायचा ते ठरेपर्यंत तुमच्याकडे राहू द्या, इथे समोर दिसला की चिडचिड होते.

आणखी ता. क. वरचं सगळं रखमाला वाचून दाखवायचं होतं म्हणून तसं लिहिलं. हे फक्त तुमच्यासाठी. सगळ्यांचे सेट हलवा, रघूचा तर आधी हलवा. पण टाकीवरचा एक सेट आहे तिथेच राहील असं काही तरी करा. तुम्ही एवढे देश सांभाळलेत, तुम्हाला जमेल. त्याने होड्यांना त्रास होईल असं वाटत असेल तर त्याचं बोलायचं बटण काढून घ्या, माझी हरकत नाही. नुसतं ऐकू येत राहिलं म्हणजे झालं.