शिकायला की शिवायला

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना शेंडेफळाचा नमस्कार. अक्षर पाहून घाबरू नकोस, हाताला किरकोळ लागलंय म्हणून डाव्या हाताने लिहितेय. बाकी मी मजेत. छोटीला दात आले का?

तू दिलेल्या शिलाई मशीनवर छान जम बसलाय. निम्म्या वसतिगृहाचे कपडे माझ्याकडेच येतात. वर्गात मात्र डुलकी लागते. परवा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुम्ही इथे शिकायला आलात की शिवायला?" सगळे हसले. मीही हसले.

आईला वाचून दाखवत असलीस तर इथेच थांब.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एका नवरीचा पांढरा पोशाख पुरा करायचा होता. तिची आई समोर खुर्ची टाकून बसलेली. "आटप गं, आटप," एवढंच चाललेलं. मी भिंतीवर नोट्स चिकटवून वाचत वाचत शिवत होते. नजर वर गेली आणि सुई बोटातून आरपार. मी किंचाळले, तर नवरीची आई आधी पोशाख ओढून घ्यायला धावली.

दुसऱ्या दिवशी पेपरला बसले. सगळं येत होतं गं, पण पेन धरवेना. डाव्या हाताने एक उत्तर कसंबसं लिहिलं आणि उठले. वर्ष गेलं.

आता मशीनपुढे बसले की लगेच उठते, पुस्तक उघडलं की रडू येतं. कुणाशी बोलावंसंही वाटत नाही.

ताई, एकदा ये. समजावू नकोस, रागावूही नकोस. मशीन तरी घेऊन जा, नाहीतर मला तरी.

तुझंच,
शेंडेफळ