मला बोट का लागते, त्याची शास्त्रीय कारणे

२ ऑगस्ट १९८६
रामा तांडेलला आज विचारलंच. त्याच्या मुलीबद्दल, पुष्पलताबद्दल. तो आपल्या बोटीचं जाळं दुरुस्त करत होता. मान वर न करता म्हणाला, पुनवेला बोटीवर ये, मंग बोलू. अर्थ उघड आहे. त्याला दर्यात जाणारा जावई हवा. अडचण एकच. कोळ्याचा मुलगा असून मला बोट लागते. पाय ठेवला की उलटी. बोईसरच्या कारखान्यात नोकरी धरली ती त्यामुळेच, पण हे गावात, घिवलीत, कोणाला सांगितलेलं नाही.

३ ऑगस्ट
ही कमजोरी नव्हे. समुद्रप्रवाह. आपल्यासमोर गरम आणि थंड प्रवाह भांडतात (माझा अंदाज) आणि मधल्यामध्ये माझं पोट. उपाय: आधी कढत पाण्याने अंघोळ, लगेच गार पाण्याने.

५ ऑगस्ट
सर्दी. येसूआत्याचं शास्त्र वेगळं: अनीती. मनात पाप असला का दर्या पोटातला भायेर कारतो, म्हणाली. माझ्या मनात फक्त पुष्पलता आहे. तरी खबरदारी म्हणून विडी बंद.

८ ऑगस्ट
विडी चालू. कंपाउंडर म्हणतो दोष मेंदूचा. कान म्हणतो हललो, डोळा म्हणतो नाही, मेंदू गोंधळतो. एकदम पटलं. मेंदू मोठा असेल त्यालाच त्रास होणार. तांडेलचा खलाशी जिवल्या, त्याला कधी होत नाही. उद्यापासून मेंदूला शिस्त. शिफ्टच्या बसमध्ये उलटं बसून पेपर वाचायचा.

९ ऑगस्ट
बस धुवावी लागली. ड्रायव्हर हिंदीत बोलला ते लिहीत नाही.

१३ ऑगस्ट
राजीनामा दिला. एक पाय जमिनीवर ठेवला की मेंदू गोंधळणारच. साहेबांनी दोनदा विचारलं, पर्मनंट नोकरी सोडतोस? मी नुसता हसलो. वाटेत जिवल्या भेटला. तुजी जागा खाली झाली का, म्हणाला. बिचारा. त्याचा अर्ज मीच लिहून दिला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सकाळची ओहोटी. बोट खाडीच्या चिखलात रुतलेली, वर दोरीने बांधलेली. हलण्याचा प्रश्नच नव्हता. चढलो. उलटी झाली, थोडी पूजेच्या नारळावर. प्रवाहांचा सिद्धांत बाद.

२० ऑगस्ट
तांडेल घरी आला. रागावला नव्हता. म्हणाला, आरं तुला परसादाला बोलावला व्हता. बोटीवर मानसा लय हायेत, पोरीला नोकरीवाला पायजे. तू नोकरी सोरली कशाला? मी त्याला मेंदूचं सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि चहा न घेता गेला.

२९ ऑगस्ट
राजीनामा परत मागायला कारखान्यात गेलो. जागा भरली होती. माझ्या स्टुलावर जिवल्या. त्याने पेढा दिला. मला वाटलं नोकरीचा. पुष्पलताशी ठरल्याचा होता. खाल्ला. फार वाईट वाटलं, रडायलाही आलं थोडं.

घरी तांडेलचा निरोप येऊन पडलेला. जिवल्या गेल्याने बोटीवर एक खलाशी कमी पडतोय. मला उद्या पहाटे बोलावलंय.