ठकीशी बोलायचं काम

३ मार्च
हिला जाऊन आज पाच महिने. सूनबाई नातीला डॉक्टरांकडे दाखवून आली. म्हणाली, "बाबा, ठकी सव्वा वर्षाची झाली, तरी तीनच शब्द बोलते. दिवसभर जो सांभाळतो त्याने सतत बोलायला हवं, असं डॉक्टर म्हणाल्या."
दिवसभर मीच सांभाळतो! तीस वर्षं कारखान्यात सुटे भाग तपासले. तिथेही 'पास' नाहीतर 'नापास', एवढंच बोलायचो. घरातलं बोलणं हिच्याकडे. ठकी पोटात होती तेव्हा ही सुनेच्या पोटाशी तोंड नेऊन सांगायची — आज शेजारी कोण कोणाशी भांडलं ते!

४ मार्च
बोललो. "हा चमचा." "ही भिंत." साडेनऊला घर संपलं.

७ मार्च
आता जे करतो ते मोठ्याने सांगतो. "आजोबा मोजे घालताहेत. एक सापडला. दुसरा कुठे गेला मेला?" शेजारणीने खिडकीतून ऐकलं. मुलाला गाठून म्हणाली, "वडिलांकडे लक्ष द्या हो, मोज्यांशी बोलतात!" मुलगा हसून हसून खाली बसला. ठकीच्या पायात दुसरा मोजा.

१२ मार्च
'बा' — अकरा वेळा. पण बा म्हणजे मी, बादली की बाहेर, खात्री नाही. शेरा : फेरतपासणी.

१५ मार्च
सांगण्यासारखं काही उरलं नाही. ठकी मांडीवर बसून तोंडाकडे बघत राहिली. मग हिच्याबद्दल सांगितलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी हिने विचारलं होतं, "तुम्हाला बोलता येतं ना?" तेही सांगितलं. दवाखान्यातला शेवटचा आठवडाही. तो आजवर कुणालाच सांगितला नव्हता.
ठकीने माझ्या गालाला बोट लावलं, तोंडात घातलं. खारट! असं काही तोंड वाकडं केलं की मला हसूच फुटलं.

२० मार्च
"दे!" स्पष्ट. चष्मा ओढत म्हणाली. पास! सूनबाईला ऑफिसात फोन केला. दहा मिनिटं बोललो म्हणे.

२२ मार्च
लस टोचायला ठकीला मीच नेलं. डॉक्टरांना विचारलं, बोलण्यात सुधारणा वाटते का? त्या गोंधळल्या. "सुधारणा कसली? या वयाला तीन शब्द छान. मी तर तसं काही सांगितलंच नव्हतं."
घरी येऊन सूनबाईला विचारलं. ती भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "काळजी ठकीची नव्हती, बाबा."