मांजराला दूध दिलं का?

सोमवार, ३
निश्चय केला. लेक पंधरा वर्षांची झाली. तिला वाईट संगतीपासून वाचवायचं तर बापानेच मित्र व्हायला हवं. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. सतरा वर्षांत कुणाचं बोटही कापू दिलं नाही, एक मुलगी काय जड आहे? तिची आई असती तर हसली असती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

बुधवार, ५
योजना तयार. मैत्रिणींनी सिगारेट, गाडीवरून भटकणं, कशाचीही गळ घातली, की लेकीने मला मेसेज करायचा: ‘मांजराला दूध दिलं का?’ आमच्याकडे मांजर नाही, हीच तर खुबी. मी तडक निघणार, एकही प्रश्न न विचारता तिची सुटका करणार. वाईटपणा माझ्या माथी. ती ‘बरं’ म्हणाली. भारावली असावी.

रविवार, ९. सकाळी ७
मॉक ड्रिल. लेकीला उठवून मेसेज करायला लावला. बूट, हेल्मेट, स्कूटर: दीड मिनिट. सुधारणेला वाव.
ती पुन्हा झोपली.

शुक्रवार, १४
मेसेज नाही. आंघोळीलाही फोन पिशवीत घालून नेतो. म्हणजे सगळं सुरळीत आहे. जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं, ते वेगळं.

मंगळवार, १८
लेकीचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. ऐकत नव्हतो, दाराशी उभा होतो. शनिवारी कॉलेजच्या मुलांबरोबर तळ्यावर जायचं घाटतंय. बेत तिच्या त्या पुढारी मैत्रिणीचा, जिला मी मनात ‘जनरल मॅनेजर’ म्हणतो. एवढं ऐकून सरकलो. आपण काही चोरून ऐकणाऱ्यातले नाही.
रागावलो नाही, विचारलंही नाही. सगळ्या मैत्रिणींना गुरुवारी केक खायला बोलावलं.

गुरुवार, २०
मुली सोफ्यावर. मी त्यांच्याच भाषेत बोललो, ‘चिल’ चारदा म्हणालो. मग ‘नाही म्हणायला शिका’ दाखवायला घेतलं. एकूण छत्तीस स्लाइड. जनरल मॅनेजरने तोंडावर उशी दाबून धरली. अंतर्मुख झाली असावी.
अकराव्या स्लाइडला फोन वाजला. मांजराला दूध दिलं का?
किल्ली, बूट, हेल्मेट. स्कूटर सुरू केली, तेव्हा लक्षात आलं की जायचं कुठे ते माहीत नाही. मग लक्षात आलं की लेक वर सोफ्यावर बसली आहे.
चाळीस सेकंद. कारखान्याच्या ड्रिलमध्येसुद्धा इतक्या झटपट कुणी बाहेर पडलेलं नाही.
नियम तो नियम. सुटका झाली होती, प्रश्न विचारायचे नव्हते. तासभर पार्किंगमध्येच बसलो. हेल्मेट काढायचं राहून गेलं.

शुक्रवार, २१
सकाळी लेकीने आपणहून सांगितलं. तळ्यावर यायला तिने मंगळवारीच नाही म्हटलं होतं, त्याच फोनवर. मी दारापासून सरकल्यावर. काय कारण दिलंस विचारलं, तर म्हणाली, काही नाही, नुसतं नाही म्हटलं. मग माझा चहा तिने केला. साखर विसरली, मी तसाच प्यायलो.
नोंद: योजना यशस्वी.
संध्याकाळी ती क्लासला गेली. फोन हातात घेऊन बसलो. मांजराचं आपणही कुणाला तरी विचारावं असं फार वाटलं. मला नंबर एकच पाठ आहे. तो दोन वर्षं बंद आहे.